पाटावर बसवलेल्या डब्या

...आणि वर मलाच म्हणतो, "आई, तू मधे बोलू नकोस, हे इलेक्ट्रॉनिक आहे!" आता इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून वस्तू घसरायची राहते का हो? घसरणं ते घसरणं, त्याला काय विजेचं नि बिनविजेचं! पण नाही. घरातलं ड्रिल मशीन याच्या हातात, म्हणजे घरातली अक्कलही याच्याच हातात! हा म्हणजे माझा मुलगा. एकुलता एक. नळजोडणीचं काम करतो, त्यामुळे जगातल्या प्रत्येक अडचणीवर याच्याकडे एकच औषध... आवळा! गळतंय? आवळा. हलतंय? आवळा. बायको रुसली? तिथे मात्र काय आवळायचं ते त्याला अजून सापडलेलं नाही.

आणि भांडण कशावरून, तर डब्यांवरून! तुम्हाला सांगते, माझी सून हॉस्पिटलात एक्स-रे काढते आणि गिटार वाजवते. वय अठ्ठेचाळीस. तिथल्याच लोकांचा बँड आहे. भूल देणारे डॉक्टर गातात... माणसं जागी राहतात, एवढं मात्र खरं. ड्रम वाजवतो तो अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, त्याचा हात असा पळतो, असा पळतो, की बाकीचे अर्ध्या वाटेवर असताना हा गाणं संपवून मोकळा! आणि सुनेच्या पायाशी असतात या लोखंडी डब्या. पेडल म्हणायचं म्हणे. मी पेडल म्हटल्यावर शिलाई मशीनचंच धरलं, म्हटलं, "अगं, गिटार वाजवायची आहे की शिवायची आहे?" तर तसं नाही. प्रत्येक डबीला एक बटण, पायाने दाबायचं. एक दाबली की आवाज विहिरीत ओरडल्यासारखा घुमतो, दुसरी दाबली की घसा बसल्यासारखा खरखरतो, तिसरी दाबली की थंडीत कुडकुडल्यासारखा थरथरतो. अशा सहा डब्या, आणि त्या मांडायला एक पट्ट्यापट्ट्यांचा अॅल्युमिनियमचा पाट. बसायचा पाट असतो ना, तसाच, पण बसायचं डब्यांनी!

आणि तिथेच तर सगळं अडलं. डब्या बसतच नव्हत्या. मला काय कळतंय म्हणा त्यातलं!

पहिल्या कार्यक्रमाला काय झालं ऐका. हॉस्पिटलचाच हॉल, समोर शे-दीडशे माणसं. गाण्यात एक जागा अशी, की सगळे थांबतात आणि हिची गिटार एकटी वाजते. हिने थरथरणाऱ्या डबीवर पाय दिला... आणि डबी निघाली! वायर ओढत, सुळ्ळकन, थेट डॉक्टरांच्या पायाखाली! डॉक्टर डोळे मिटून सूर लावून उभे, त्यांचा बूट पडला डबीवर, आणि गिटारीतून असा भोंगा निघाला, असा भोंगा निघाला, की ड्रायव्हर सवयीने काठ्या टाकून उठून उभा राहिला! त्याला वाटलं पेशंट आला! लोक हसले हो. मीही हसले असेन, खोटं कशाला बोलू. पण सून हसली नाही. माईकजवळ गेली, "माफ करा" म्हणाली, आणि गिटार खाली ठेवून खुर्चीवर जाऊन बसली. बारा दिवस पेटीची कडी उघडली नाही. तेरावा दिवस उजाडायच्या आत मीच म्हटलं, "अगं, वाजव ना काही." तर म्हणते, "मेट्रनबाईंच्या निरोपसमारंभाला वाजवायचं कबूल केलंय, तेवढं करते. तिथेही असंच झालं तर ठेवून देईन वर."

वर... हा शब्द तिने मुद्दाम वापरला नाही, मला ठाऊक आहे. पण लागायचा तिथे लागला. कारण पहिल्यांदा वर कोणी ठेवायला सांगितलं होतं? मी! लग्न होऊन आली तेव्हा गिटार घेऊनच आली होती. मग मूल झालं. एकदा दुपारी वाजवत बसली होती, मी आतून म्हटलं, "बाळ झोपलंय गं, जरा वर ठेव ते." रागाने नाही हो, साधं म्हटलं. तिने उचलली आणि कपाटावर ठेवली. ते 'जरा' बावीस वर्षं चाललं! बाळ जागं झालं, शाळेत गेलं, नोकरीला लागलं, दुसऱ्या गावी गेलं, आणि कपाटावर गिटार तशीच. दर महिन्याला धूळ झटकायची मीच, बरं का. झटकायची आणि परत ठेवायची. एकदाही तोंडातून निघालं नाही, की बाई, आता काढ खाली. तिनेही विचारलं नाही; हॉस्पिटलात बँड जमला तेव्हा कुठे तिची तिनेच उतरवली. माणूस एवढं का ऐकतं हो? ऐकू नये एवढं.

जाऊ दे. डब्यांचं सांगत होते.

तर मंडळी जमली आमच्या बैठकीत. डॉक्टर आले, सोबत दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप. "मावशी, हलकेच लावायचं, कळणारसुद्धा नाही." हाच त्यांचा धंदा, हलकेच लावायचं आणि कळू द्यायचं नाही! लावलं. दुपारी पाट गाडीत उन्हात राहिला. संध्याकाळी बघतो तर टेप वितळून लेप झालेला, आणि डब्या आपापल्या उताराला लागलेल्या. मग ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा. हलणारी वस्तू कशी बांधायची ते मला विचारा." त्याने प्लॅस्टिकचे बंद आणले, ते एकदा ओढले की मागे येत नाहीत ते, आणि डब्या स्ट्रेचरवर पेशंट आवळावेत तशा आवळल्या. हलल्या नाहीत, खरंय. पण बंद गेले नेमके बटणांवरून! आवाज कमी-जास्त करायचा तर कात्री. बॅटरी बदलायची तर कात्री. मी म्हटलं, "अरे, गिटारीच्या कार्यक्रमाला दर गाण्यामागे ऑपरेशन करायचं का?" मग तो सायकलवाल्याकडून जुन्या साखळीचा तुकडा घेऊन आला. तिची एकेक कडी डबीच्याच तळाच्या स्क्रूला लावायची, कडीचं दुसरं भोक पाटावर पिळायचं. बुद्धी चांगली होती, मी मान डोलावली. पण डब्यांचे स्क्रू निघाले आखूड, कडीतून खालपर्यंत पोचेनात. मला काय कळतंय म्हणा त्यातलं, पण आखूड ते आखूड!

एवढ्यात चिरंजीव कामावरून आले. पाहिलं. हसले. "काय पोरखेळ लावलाय! एकदाच कायमचं करून टाकू." आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत ड्रिल लावलं की हो! पाटाखालून स्क्रू घातला तो सरळ डबीच्या पोटात. घुमणारी डबी ती, विहिरीवाली. सुनेने वायर लावली, पाय दिला... ठार शांतता. विहीर बुजली!

"पण हलतेय का?" हा विचारतो. "हलून दाखव! नाही ना हलत?"

मी म्हटलं, "बाळा, मेलेलं माणूसही हलत नाही. म्हणून त्याला कोणी 'छान बसलायस' म्हणत नाही!"

सून एकेक डबी उचलून पेटीत ठेवायला लागली. कार्यक्रमाला उरलेले चार दिवस. ती ज्या पद्धतीने ठेवत होती ना... हळू, नीट, वायरी गुंडाळून... मी ती पद्धत ओळखते. कपाटावर ठेवायची वस्तू माणूस अशीच आवरतो.

तेव्हा मी म्हटलं, "ती कर्रपट्टी का नाही लावत?"

"व्हेल्क्रो ना? आई, लावून झाली. धरत नाही."

धरत नाही! मला सांगते धरत नाही! अहो, कमरेचे, मानेचे, गुडघ्याचे पट्टे शिवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं ती पट्टी शिवली मी! साहेब व्हेल्क्रो म्हणायचा, आम्ही बायका कर्रपट्टी म्हणायचो, उघडताना कर्रर्र करते म्हणून. निम्म्या गावाची कंबर माझ्या टाक्यांवर उभी आहे! म्हटलं, "आण बघू इकडे." डबी उलटी केली, तर काय! खाली रबराचे चार पाय, आणि हिने पट्टी लावलेली त्या चार पायांवर! म्हणजे मधे सगळी हवा. शिवाय तळावर तेलकट हात लागलेले, पुसायचं नाव नाही. ती पट्टी तरी काय धरणार बिचारी, नुसती आशा?

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. आधी रबराचे पाय केस वाळवायच्या मशीनने गरम करून उपटले. मग स्पिरिटने तळ पुसले, एकदा नाही, तीनदा. मग प्रश्न आला, खरखरीत बाजू कुठे आणि मऊ बाजू कुठे? ती म्हणते, "काही फरक पडतो का?" म्हटलं, "पडतो तर! पाटाची रिकामी जागा उघडी राहते. तिथे खरखरीत लावलीस तर केस, धागे, माझ्या शालीची दशी, सगळं धरून बसेल, आणि धरायचं ते राहील. खरखरीत डबीखाली लपव, मऊ पाटावर अंथर. आणि दोन्हीकडे सारखी लावू नकोस. दोन मऊ एकमेकींवरून नुसत्या घसरतात, आणि दोन खरखरीत नुसत्या ओरबाडतात."

तिने मान वर केली. "आई, आपल्यात खरखरीत कोण?"

म्हटलं, "पाळीपाळीने."

इतकी हसली, इतकी हसली, की स्पिरिट सांडलं!

पट्टी पूर्ण तळभर लावली, अंगठ्याने रेटली, वर इस्त्री ठेवून दिवसभर दाबून ठेवली. ती म्हणाली, "एवढी पक्की झाली तर निघेल का?" म्हटलं, "निघायलाच हवी. कमरेचा पट्टा चालताना सुटला तर माणूस पडतो, आणि रात्री सुटला नाही तर झोपत नाही. दोन्ही जमलं पाहिजे. मी बांधायचं शिकले एका महिन्यात. सोडायचं..." मग म्हटलं, "मी बावीस वर्षं ती खाली काढून दिली नाही गं." ती पट्टी कापत होती. कापता कापताच म्हणाली, "मीही हात वर केला नाही, आई. आता ती लांब डबी द्या." बस, एवढंच. मीही दिली.

निरोपसमारंभ आला. मेट्रनबाई पुढे बसलेल्या, हॉलची फरशी त्यांच्या मानासाठी मशीनने घासून आरशासारखी केलेली. बुजलेल्या विहिरीच्या जागी तशीच एक डबी हॉस्पिटलातल्या कोणाची तरी मागून आणली होती, तिलाही पट्टी लावलेली. गाणं सुरू झालं. हिने खरखरीवर पाय दिला, डबी जागची हलली नाही. थरथरीवर दिला, हलली नाही! मला वाटलं, आपण जिंकलो. मग ती एकटीची जागा आली. सगळे थांबले, हिने घुमणाऱ्या डबीवर पाय दाबला... आणि अख्खा पाट निघाला!

हो! डब्या सगळ्या जागच्या जागी, मांडी घालून, आणि खालचा पाटच चालला! वीतभर पुढे. ही एक पाऊल मागोमाग. परत पाय दिला, परत वीतभर. लोकांना वाटलं नाच बसवलाय, टाळ्या सुरू! चिरंजीव मागून ओरडतात, "स्टेजलाच बोल्ट मारू का?" पण मी हिचं तोंड पाहिलं. ती माईककडे बघत होती. ते "माफ करा" ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं.

मग मला काय झालं कोणास ठाऊक! माझे गुडघे जिन्याला हात जोडणारे, पण उठले, प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, दोन पायऱ्या चढले, पाटापुढे खुर्ची टेकली, तिच्यावर बसले, चप्पल काढली आणि टाच लावली पाटाला. घट्ट. म्हटलं, "वाजव."

वाजवलं हो तिने! शेवटपर्यंत. तुम्हाला सांगते, तो आवाज मी कानांनी नाही ऐकला. ती पाय दाबायची, पाट माझ्या टाचेवर रेटायचा, आणि ते सगळं घुमणं पोटरीतून वर यायचं. बावीस वर्षांचं होतं, जड होतं.

त्याला आता आठ महिने झाले. सहा कार्यक्रम झाले. मुलाने पाटाखाली रबर लावून दिलंय, चांगलं जाड, पाट तसूभर हलत नाही. पण सून म्हणते, "रबर आहे हो आई, पण तुम्ही बसा." डॉक्टर म्हणतात, मावशी बसल्याशिवाय सूर लागत नाही. त्यांना कोणी वाहवा म्हटलं की एकेक कडवं जास्तीचं गातात, आणि इकडे माझ्या पायाला मुंग्या! चहा यायचा तर मागच्या मागे संपतो. कार्यक्रम संपला की ड्रायव्हर येतो, डब्या काढायला लागतो, कर्रर्र... कर्रर्र... सहाच्या सहा कशा अलगद सुटतात! कायमची बसवलेली काय ती मी एकटीच.