दादाच्या हातातली दोरी

तुम्ही पॅराकॉर्डच्या, म्हंजे त्या पॅराशूटच्या मजबूत दोरीच्या, राख्या विणून राह्यल्या ना बायांनो, तं आधी माह्यं आयका.

मागच्या राखीले मी दादाले पॅराकॉर्डचं ब्रेसलेटच बांधलं. मोबाईलवर पाहून स्वतः विणलं, टोकं मेणबत्तीवर वितळवून चिकटवली. बांधतानाच सांगतलं, "दादा, हे नुसतं शोभेचं नाई. वावरात अडचण आली तं उकलजो, लांब मजबूत दोरी निघते."

"हो," म्हणे.

दिवाळीच्या आधी त्याची लाडाची कालवड कॅनॉलमधी घसरली. दादा काठावर एकटाच, एका हातानं तिचा कान धरून बसलेला. बाजूलेच बाभूळ होती. दोरी असती तं तिले बाभळीले बांधून चार माणसं बोलावता आली असती. शेवटी तिले सोडून तो घरी दोरी आणाले पळाला. परत आला तं पाण्यात काईच नव्हतं.

फोनवर रडून राह्यला होता. मी म्हणलं, "दादा, दोरी तं तुह्या हातातच होती. काऊन नाई उकलली?"

"ते राखी होती."

"मीच सांगतलं होतं ना, उकलजो म्हणून?"

मंग म्हणे, "राखी आपल्या हातानं तोडली असती, अन् तुले काई झालं असतं तं?"



म्हणून औंदा मी त्याले साधी रेशमाची राखी बांधली, अन् पॅराकॉर्डची गुंडाळी वेगळी देली. म्हणलं, "हे राखी नोहे दादा, हे वावरात ने."

त्यानं ते दोन्ही हातानं घेतली, कपाळाले लावली, अन् देवघरात नेऊन ठेवली.