मोडलं तर बदलून मिळतं

"...आणि त्या बाईपायी म्हणे सगळी हत्यारं विकून टाकली," एवढंच मी जिन्यात ऐकलं, आणि वरच्या वहिनींनी दार लावून घेतलं. आता तुम्हीच सांगा, असं अर्धवट ऐकून घास गोड लागेल का? तेही आमच्या शेजारच्या नळदुरुस्तीवाल्या भाऊजींबद्दल! बायको गेल्यापासून एकटे. हत्यारं अशी जपायचे की लोक पोरंसुद्धा तशी जपत नाहीत. "वहिनी, चांगलं हत्यार घेताना रडवतं, पण एकदाच," म्हणायचे. आणि हाच माणूस हल्ली चौकातल्या दुकानातून पत्र्यासारखा हलका पाना आणतो, तो मोडतो, की निघाला परत दुकानात. मी विचारलं, तर म्हणे, "गॅरंटी आहे. मोडलं तर बदलून मिळतं." गुडघे कुरकुरतायत, तरी इस्त्रीचा शर्ट घालून. पाना बदलायला इस्त्रीचा शर्ट? तुम्हाला सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकलीच...

परवा मागच्या अंगणात ठणठण आवाज. कपडे वाळत घालता घालता डोकावले, तर भाऊजी कोरा करकरीत पाना दगडावर ठेवून हातोडीनं ठोकतायत. मोडलं तर बदलून मिळतं ना, म्हणून मोडेपर्यंत ठोकत होते. मग शर्ट घालून निघाले, तशी मीही मागोमाग. खिळे हवे होते मला. घरात खिळे लागतातच.

गल्ल्यावर कोण? त्यांची लेक! स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून यांनी जिला दार बंद केलं, ती. तेव्हापासून दोघांत अबोला.

"काय मोडलं?" ती.

"पाना."

"परत?"

"परत."

झालं. बापलेकीचं बोलणं ते एवढंच, आणि तेवढ्यासाठी हा माणूस... मी आपली खिळ्यांच्या खोक्यात तोंड खुपसून उभी.

पण त्या दिवशी तिनं नेहमीचा पाना काढलाच नाही. वरच्या फळीवरचा चांगल्या पोलादाचा, जड, तो काढला, पुसला, त्यांच्या हातात ठेवला. "हा न्या. माझ्याकडून. त्या गुडघ्यांनी किती खेटे घालाल? हा जन्मात मोडायचा नाही."

भाऊजींनी हातात तोलून पाहिला. मान हलवली. पाना काखेत मारून घरी निघाले.

तर हत्यारं विकलेली नाहीत, तेल लावून कपाटात आहेत, मी बघून आले. बाईपायी, ते मात्र खरं.

काल चहा घेऊन गेले. शर्ट घडी घालून ठेवलेला, पाना समोर. म्हटलं, "भाऊजी, काय सुरेख आहे हो."

"सुरेखच आहे, वहिनी," म्हणाले. "हा कुठला मोडतोय."