चिंचखोरी उपकेंद्रात झालेल्या युद्धाबाबत

नाव सोजराबाई तुळशीराम घोंगटे, वय ५८ वर्षे, धंदा भाजीपाला पिकवणे व विकणे, रा. चिंचखोरी, ता. मोताळा, जि. बुलढाणा. मोबाईल नवऱ्याकडे असतो.

मी वरील पत्त्यावर नवरा, मुलगा अविनाश व सून प्राची यांच्यासह राहते. आज शनिवारी पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर होऊन, महिला शिपाई मंजुश्री यांच्यासमोर, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते की,

आमच्या गावात आरोग्य उपकेंद्र आहे. इमारत पक्की आहे. नर्सबाईंची बदली झाल्यापासून अकरा महिने ते बंद आहे. प्राचीला नववा महिना चालू आहे. मागच्या खेपेला तिला जीपने मोताळ्याला नेले होते. रस्त्यात उशीर झाला. त्यापुढचे लिहू नये, असे मी सांगितले आहे.

काल शुक्रवारी केबल चॅनेलवाल्यांनी जिल्हा परिषद निवडणुकीनिमित्त गावात थेट चर्चा ठेवली होती. उमेदवार पंजाबराव वनारे व प्रसेनजित हिवाळे. चर्चा घेणारे चिन्मय हे बुलढाण्याचे आहेत. पंखा असलेली आणि कोणी वापरत नसलेली खोली गावात एकच, म्हणून ग्रामपंचायतीने उपकेंद्रातील बाळंतपणाची खोली झाडून दिली. खाट उभी करून भिंतीला लावली. लसीकरणाच्या तक्त्यावर जगाचा नकाशा टांगला. आत जागा नसल्याने गावकरी बाहेर ओट्यावर बसले. बाहेर भोंगा होता.

फलकावर ‘गावाचे प्रश्न’ असे लिहिले होते. वेळ पाच ते सहा. आमच्याकडून आधी चिठ्ठ्या घेतल्या होत्या. माझी पहिली होती. नर्स कधी येणार, एवढेच त्यात होते.

पाच वाजता चिन्मय म्हणाले, गावाकडे वळण्याआधी जगावर एक नजर टाकू. परदेशात चालू असलेल्या युद्धाबद्दल त्यांनी दोघांना विचारले. पाच पंचवीसपर्यंत तेच चालू होते. कोणते क्षेपणास्त्र किती किलोमीटर जाते, ते दोघांनाही पाठ होते.

मी शेतातून आणलेली टोपली घेऊन दारात गेले व माझ्या चिठ्ठीचे विचारले. चिन्मय म्हणाले, “मावशी, शेवटच्या फेरीत.” पंजाबराव म्हणाले, “बरं झालं आल्या. चार वांगे द्या बरं मावशी.” वांगी त्यांनी टेबलावर मांडली. ते रणगाडे होते. प्रसेनजित म्हणाले की रणगाडे नदीच्या अलीकडे आहेत. नदीसाठी त्यांनी माझ्या टोपलीतून गवार घेतली. त्यावरून दोघांत वाद झाला. एक वांगे राजधानीत शिरले.

मी बाहेर आले. नवरा म्हणाला, “गप बस ना वं. खताचे भाव तिकूनच ठरतात.” मी म्हणाले, “ठरू द्या. पण त्यायचं मिटेपर्यंत प्राची थांबणार हाय का?”

युद्धावर बोलू नये असे माझे म्हणणे नाही. तिकडेही कोणाची तरी सून असेल. दहा मिनिटे बोलावे. पंधरा बोलावे.

पाच चाळीसला मी दाराला बाहेरून कडी घातली. कुलूप किल्लीसह कडीलाच अडकवलेले होते, ते लावले. ओट्यावर साठेक माणसे होती. कोणी आत सांगितले नाही. त्यांची नावे मला आठवत नाहीत.

आतील कोणाच्याही हे लक्षात आले नाही. सहा वाजता चिन्मय यांनी परिस्थिती गंभीर असल्याने वेळ वाढवत असल्याचे जाहीर केले. ते युद्धाबद्दल बोलत होते.

सहा पंचवीसला पंजाबरावांना बाहेर जाण्याची गरज पडली. त्यांनी दार ओढले. “कुलूप कोनं लावलं बे?” असे ते म्हणाले. मी खिडकीतून म्हणाले, “म्या लावलं.”

“काऊन?”

“पहिला प्रश्न राह्यला.”

प्रसेनजित म्हणाले, “मावशी, हा गुन्हा होते.” मी म्हणाले, “हाव. नर्स कवा येते?”

दोघांनी एकमेकांच्या पक्षाचा दोष सांगितला. त्यात युद्ध आले नाही, हे मी मान्य करते. मग चिंचखोरीहून मोताळा किती लांब, असे मी विचारले. एक म्हणाले नऊ किलोमीटर, दुसरे म्हणाले पंधरा. एकोणीस आहे.

पंजाबराव एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. त्यांनी तालुक्याच्या आरोग्य खात्याच्या साहेबांना फोन लावला. प्रसेनजित यांनीही त्याच फोनवरून विनंती केली. त्या संध्याकाळी दोघे एका बाजूला असल्याचे मी प्रथमच पाहिले. साहेब म्हणाले, सोमवारपासून नर्स देतो. ते कॅमेऱ्यासमोर बोला, असे मी सांगितले. दोघे बोलले. सहा पन्नासला मी कुलूप काढले. पंजाबराव कोणाशी न बोलता इमारतीच्या मागे गेले.

तक्रार चिन्मय यांनी दिल्याचे मला येथे समजले. उमेदवारांनी दिलेली नाही. मतदान व्हायचे आहे.

तिघांना व कॅमेरावाल्याला मी कोंडले, हे खरे आहे. मला येथे ठेवायचे असल्यास हरकत नाही. फक्त सोमवारी सकाळी दहाला सोडावे. नर्स आली का ते पाहून मी आपली आपण परत येईन. पुन्हा असे करणार का, असे मला विचारण्यात आले. ते सोमवारवर आहे.

हा जबाब मंजुश्री यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. सोमवार या शब्दाखाली माझ्या सांगण्यावरून तिन्ही ठिकाणी रेघ मारली आहे.

समक्ष, सही
सोजराबाई तुळशीराम घोंगटे