नसलेल्या फुलाची राखण

मंडळी, मला एक सांगा! देव्हाऱ्यात मूर्ती दिसते तेव्हा जो हात जोडतो, त्याला आपण भक्त म्हणतो. आणि देव्हारा रिकामा दिसत असतानाही जो उठत नाही — त्याला काय म्हणाल? वेडा? थांबा, आधी भागूबाई झोरेचं ऐका!

तळसड्यावरची धनगरीण. वय पासष्ट, आवाज असा की पल्याडच्या डोंगरावरची म्हैस वळावी! चाळीस पावसाळे तिनं त्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, गुरं चारली. तिथं जांभ्या दगडाच्या एका खळग्यात रानघेवडी यायची. आपल्या घेवड्याचीच भाऊबंद. नखाएवढं जांभळं फूल. कॉलेजच्या बाई सांगून गेल्या होत्या, "मावशी, ही वेल आता फार थोड्या ठिकाणी उरलीय. वर सुकते, पण खाली कंद जगतो. जपा हो!"

आणि एप्रिलात आला जेसीबी! गावाला क्रिकेटचं मैदान हवं होतं. भागूबाई खळग्याशी बसली. सरपंच अनंता म्हणाला, "मावशी, उठा. इथं आहे काय? दगड!"

"आत्ता दगड. श्रावणात ये, वेल बघ."

"आणि नाही आली तर?"

"तर इथले धोंडे मीच उचलून देईन!"

ऊन कसलं — सडा नुसता तवा! पण बाई बसली ती बसली. शेवटी अनंता जेसीबीवाल्याला म्हणाला, "बरं. श्रावण संपेपर्यंत तेवढा कोपरा सोडा."

श्रावण आला. सगळा सडा हिरवा — खळगा कोरा! बायका विचारायच्या, "काय गं, वेल माहेरी गेली?" हसता काय, मंडळी? तुम्हीही तेच विचारलं असतं! भागूबाई म्हशी हाकत पुढं जायची. मनात मात्र एकच — जेसीबीच्या हादऱ्यानं कंद मेला तर नसेल?

अमावास्येला अनंता अर्धा गाव घेऊन चढला. "मावशी, शब्द दिला होतात."

"दिला होता," ती म्हणाली, आणि धोंडा उचलायला वाकली. शब्दाची बाई!

तोच अनंताच ओरडला, "हात काढा, मावशी! हात काढा!"

धोंड्याच्या आडून दोन पानं — आणि एक जांभळी कळी!

अनंतानं पायातल्या चपला काढल्या. "मैदान तीस पावलं पलीकडे सरकवा!" भागूबाई ताठ उभी. 'सांगितलं नव्हतं?' — एवढंही म्हणाली नाही. म्हणाली, "माझ्या म्हशी वळवा रे कुणीतरी. मी इथंच बसते जरा."

हा अभिमान, मंडळी — न दिसणाऱ्या कंदाचा! आणि तुम्ही? पोरगा दोनदा नापास झाला की त्याच्या नावावर काट मारता! सून वर्षभर गप्प राहिली की तिच्यात काही नाहीच, असं ठरवून मोकळे! अहो, एक पावसाळा तरी थांबा! हे ऐकताना ज्याच्या मनात घरचं असं एक माणूस आलं, त्यानं त्या माणसासाठी मोठ्यानं म्हणावं — जय जय रामकृष्ण हरी!