स्पिरिटचा वास

(वालूर. सकाळ. सरजा चुलीपुढं भाकरी थापतेय. तिचा नवरा सूर्यभान बाजेवर बसून तिला जाब विचारतोय.)

सूर्यभान : मग हासला कशामुळं तो आश्रुबा?

सरजा : अवं, माझ्या नाकाला पीठ लागलं होतं म्हून हासला. गिरणीत आलेल्या सगळ्यायलाच हासतोय तो.

सूर्यभान : आन् तू? तूबी हासलीस. मी लिंबाखालून बघायलो होतो.

सरजा : अगं बाई! पायलीभर जवारी दळायला गेले तर माझ्यावर पाळत?

सूर्यभान : त्याच्या गिरणीचा पट्टा तुझं नाव घेतोय. सरजा, सरजा, सरजा. अख्ख्या गावानं ऐकलं.

सरजा : काय म्हणलात?

सूर्यभान : काई न्हाई. भाकर कर तू.

सरजा : जळू द्या ती भाकर! मागं आसंच सुरू झालं होतं. तवा विहिरीवरलं इंजन बोलायचं तुमच्याशी. मग माझ्या भावामागं, चंद्रभानमागं, कुऱ्हाड घेऊन पळालात. बायकोच्या सख्ख्या भावावर शक! त्या दिसापासून त्यानं हा उंबरा वलांडला न्हाई.

सूर्यभान : तवा मी बिमार होतो. आता सुई घेतोय की म्हैन्याच्या म्हैन्याला.

सरजा : घेता?

सूर्यभान : परवाच न्हाई का परभणीला जाऊन आलो?

सरजा : गेलात, आलात. सुई घेतली न्हाई.

सूर्यभान : कुणी सांगितलं? आश्रुबानं?

सरजा : तुमच्या विजारीनं. आता लाज सोडून सांगते, ऐका. ती सुई सुरू झाली आन् तुमी माझ्याकडं पाठ करून निजायला लागलात. दोन दिवाळ्या गेल्या. मला वाटलं, परभणीत कुणी सटवी ठेवली. जळून कोळसा झाले मी! तुमी आलात की कपडे धुवायच्या आदी वास घ्यायची. बाईचा वास कदी आला न्हाई, दवाखान्यातल्या स्पिरिटचा यायचा. या खेपेला तोबी न्हाई.

सूर्यभान : मी बाई ठेवली? मी?

सरजा : मग काय वाटावं मला? तोंडानं कदी सांगितलं का?

सूर्यभान : काय सांगू? त्या सुईनं आंग मेल्यावानी होतं, सरजे. मनात लय आसलं तरी काईच व्हईना. बायकोपुढं रोज हारायचं, त्यापरीस पाठ बरी. मग गेल्या म्हैन्यात नामांतराचा बंद झाला, गाड्याच न्हवत्या, एक खेप चुकली. आन् मी पुन्हा गडी झालो. तूच सांग, झालो का न्हाई?

सरजा : झालात.

सूर्यभान : म्हून परवा दवाखान्याच्या फाटकातून माघारी फिरलो. बाजारात शेंगदाणे खाल्ले आन् आलो.

सरजा : मला परवाच कळलं होतं. पर गप बसले. वाटलं, आजून चार दिस मिळू द्या मला माझा नवरा. मीबी माणूसच हाय.

सूर्यभान : मग ऱ्हाऊ दे की आसंच.

सरजा : आन् तो पट्टा? आज नाव घेतोय. उद्या म्हणंल, मार तिला.

सूर्यभान : तसं म्हणला न्हाई आजून.

सरजा : उठा. सदरा घाला. आठची यष्टी गाठू, आज मीबी येते.

सूर्यभान : सुई घेतली की पुन्हा पाठ.

सरजा : डाक्टरला इचारू ना. कमी करता येती का, दुसरी कोणती हाय का.

सूर्यभान : तिथं नर्सबाई आसती. माझी काय इज्जत ऱ्हाईल?

सरजा : तुमी भाईर बाकड्यावर बसा, मी सांगते. म्हणते, मला शाना नवरा पाहिजे, आन् माझ्याकडं तोंड करून निजणाराबी पाहिजे. दोन माणसं न्हाईत ती, एकच हाय.

सूर्यभान : सरजे.

सरजा : बोला.

सूर्यभान : गिरणीवरून न्हाई जायचं.

सरजा : बरं. मारुतीच्या मागून जाऊ.