न तोडता

...नाही, तुम्हीच सांगा, बायको बॅग भरतेय आणि नवऱ्यानं विचारलं, "दोष नेमका कुठे आहे?" तर त्यात एवढं भडकण्यासारखं काय आहे हो? धंदाच आहे माझा तो! तुम्हाला सांगतो, कारखान्यात मी धातूचे भाग तपासतो... न तोडता! पेनाएवढी कांडी, तिच्या टोकाला तारेचं वेटोळं, त्यातून वीज सोडायची, कांडी धातूवरून अलगद फिरवायची, की धातूच्या अंगातसुद्धा विजेचे भोवरे उठतात, भेग आली की भोवरे अडखळतात आणि पडद्यावरची रेघ टुणकन उडी मारते! ना कापणं, ना ठोकणं... न तोडता!

आता पलीकडच्या खोलीत आहे आमचा तोड्या. त्याचं काम उलटं. नग घ्यायचा, ताणायचा, मोडायचा, मग सांगायचं कसा होता! घरीही तेच. डबा उघडता उघडता म्हणणार, "काल कडाक्याचं भांडलो रे बायकोशी, प्लेटा फुटल्या, मग उरलेल्या एकीतच दोघं जेवलो, खी खी खी!" मी मनात म्हणायचो, काय रानटी माणूस! आमच्याकडे बघा, चकार शब्द नाही. ती गप्प बसली की मी लांबूनच अंदाज घ्यायचो, चिडलीय का, रडलीय का... विचारायचं मात्र नाही, दुखेल तिला. न तोडता!

आणि आज म्हणते, "इतकी वर्षं नुसते तपासताय मला! एकदा तरी भांडायचं होतंत हो, एकदा तरी कप आपटायचा होतात!"

"अगं," म्हटलं, "आपटायचा विभाग वेगळा आहे!"

हसू नका... तीही नाही हसली. डोळे भरले तिचे. काळीज तुटलं हो माझं, आणि तिनं बॅगेची चेन ओढली.

म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. उचलला कप! हात पार डोक्यावर नेला, आणि... सवय हो, सवय! कानापाशी बारीकशी भेग दिसली. म्हटलं, थांब गं, हा आधीच खराब आहे, हा फोडून काय कळणार कुणाला? फळीकडे वळलो, चांगला धड कप निवडला, वळून बघतो तर... गेली!

आणि दार कसं लावून गेली? इतकं हळूच, की कडीचासुद्धा आवाज नाही... एवढं एकच शिकली हो माझ्याकडून!