आमच्या गल्लीचा टोर्नेडो

"गुणाची आहे गं, नाही म्हणत नाही मी. पण बोलतच नाही. घरात सून आणलीय की फ्रीज, तेच कळेना. फ्रीज तरी मधूनमधून घुरघुरतो."

हे सासूबाई त्यांच्या बहिणीला फोनवर सांगत होत्या आणि मी दाराआड ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? खोकावं? घुरघुरावं? मी काही बोलले नाही.

आणि बोलायचं तरी कधी हो? या घरात सगळ्यांनाच बोलायचं असतं, मग ऐकायला कुणीतरी नको का? त्यातून माझी नोकरी वेधशाळेच्या वादळांच्या विभागात. दिवसभर पडद्यावर लाल-पिवळे ढग सरकताना बघायचे, आणि त्यातला नुसता गुरगुरणारा कुठला आणि चावणारा कुठला हे ओळखायचं. चावलाच, तर दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं काय काय चावलंय ते बघून यायचं. टोर्नेडो गरगर फिरतो, म्हणून त्याच्या वाटेतली झाडं एकमेकांच्या अंगावर वेडीवाकडी पडतात. सरळ वारा असेल तर सगळी एकाच दिशेला, शाळेतल्या रांगेला आडवं पाडल्यासारखी. माणसं काय वाट्टेल ते सांगतात, पण पडलेलं झाड खोटं बोलत नाही... असं मला कालपर्यंत वाटत होतं.

घरी या नोकरीची किंमत काय, तर सासऱ्यांचं रोज एकच, "टीव्हीवर कधी दिसणार?" आणि सासूबाईंचं, "आज गाद्या उन्हात टाकू का?" मी मान हलवायची. होकाराची किंवा नकाराची. त्यात काय बोलायचं?

तर परवा दुपारी पडद्यावर ढगांची एक रेघ धनुष्यासारखी वाकली. धनुष्य वाकलं की समजायचं, मागून वारा ढकलतोय. आणि हे धनुष्य रोखलेलं कुणावर, तर आमच्याच गल्लीवर. गावाला इशारा दिला तो मीच, माझ्या हातानं, साहेबांनी नुसती मान डोलावली. मग घरी फोन लावला.

"आई, सगळे जिन्याखाली जा. आत्ता."

पलीकडे सासूबाई, "कोण बोलतंय?"

"मी. सून."

"छे, ती कुठं बोलते," असं म्हणत म्हणतच, पण गेल्या हो त्या! सासऱ्यांना दंडाला धरून ओढत गेल्या, आणि पाठोपाठ स्वयंपाकघराची खिडकी चौकटीसकट आत आली. ओट्यापाशी, त्या उभ्या असतात बरोबर तिथं. गाडीच्या शेडचे पत्रे उडाले ते समोरच्या शिंप्याच्या गच्चीवर जाऊन बसले. खरचटलं मात्र कुणालाच नाही. संध्याकाळी त्या काचा मी सुपलीत गोळा केल्या आणि तुम्हाला सांगते, अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पण मी काही बोलले नाही.

बोलत होते सासरे. "सोंड! ढगातून एवढी काळीकभिन्न सोंड खाली आली, आणि अशी फिरली, अशी!" आता जिन्याखाली खिडकी नाही, आणि सासरे सगळा वेळ डोळे मिटून सासूबाईंच्या पदरात डोकं खुपसून बसलेले, पण सोंड दिसली. गल्लीभर सांगून झालं. कारण काय, तर मोठे काका. म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. त्यांच्या वस्तीवर मागे खरा टोर्नेडो येऊन गेलाय, आणि तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, काकांचा टोर्नेडो हजर. माझ्या लग्नात आम्ही पाया पडायला वाकलो तर आशीर्वाद राहिला बाजूला, आधी कुंपण कसं उडालं ते ऐकावं लागलं. वाकूनच. आता गंमत अशी, की आमच्या विभागात नवीन माणूस आला की त्याला काकांचाच टोर्नेडो शिकवतात, सगळ्यांत खालच्या पायरीचा, म्हणजे अगदी दुबळा, टोर्नेडो कसा असतो याचा नमुना म्हणून. हे मला लग्नातच ठाऊक होतं. काही बोलले का मी? नाही.

तर सासऱ्यांना इतक्या वर्षांनी स्वतःचा टोर्नेडो मिळालेला, आणि तो खरा की खोटा हे ठरवायला साहेबांनी पाठवलं कुणाला, तर मला. मी म्हटलं, साहेब, ते माझं सासर आहे. साहेब म्हणाले, बाकी सगळे दुसऱ्या वस्त्यांवर गेलेत, आणि तुम्हाला काय, रस्ता विचारावा लागणार नाही. पहिल्यांदाच एकटीनं पाहणी करायची, अहवालाखाली सही माझी एकटीची, आणि ती पण कुठं... सासरी!

त्यात रात्री जेवताना आमचे हे, स्वभावानं भोळे, बायकोचं कौतुक करायला गेले. "बाबा, हिला झाडं बघून कळतं. वेडीवाकडी पडली असतील तर टोर्नेडो, एका रांगेत असतील तर नाही." सासऱ्यांचा घास हातातच राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काल सकाळी लवकर वेधशाळेत जाऊन कागद घेतले आणि तिथून पाहणीला निघाले. गल्लीच्या तोंडापासून पाहत आले. पहिलं झाड पूर्वेला. दुसरं पूर्वेला. विजेचा खांब, दुकानाची पाटी, शिंप्याचं फाटक, सगळं पूर्वेला. आणि आमच्या घरासमोर आले तर तिथली दोन झाडं छान एकमेकांवर फुली मारून! क्षणभर मलाही वाटलं, टोर्नेडोच! मग खाली बघितलं. चिखलात फरफटत नेल्याचा हा एवढा चर, मुळांचा खड्डा एकीकडे, मुळं भलतीकडे, आणि चराच्या दोन्ही बाजूंना चपलांचे ठसे. एक सासऱ्यांची चप्पल, दुसरी शिंप्याची. फाटकात सासरे कंबर धरून उभे. "बघ बाई नीट," म्हणाले, "आम्ही कशाला हात लावलेला नाही."

मी फोटो काढले आणि काही बोलले नाही. बोलणार काय? ज्या माणसानं आयुष्यात स्वतःची खुर्ची उचलून ठेवली नाही, त्यानं माझ्या एका सहीसाठी अख्खं झाड उचललं. राग यावा की गहिवरून यावं?

एवढ्यात काका आणि काकू समाचाराला हजर. समाचार कसला, तपासणीच. काका खुर्चीत बसले, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, "वारा बिरा आला होता म्हणे." वारा बिरा! सासरे लालबुंद. "वारा नाही, टोर्नेडो. विचार माझ्या सुनेला, सरकार तिच्या सहीवर चालतं!" शिंपी फाटकात, सासूबाई दारात, हे जिन्यात, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. "टोर्नेडो" म्हटलं तर घर जिंकलं, पण उद्या खाली जी सही करणार ती खोटी. "नाही" म्हटलं तर सासरे थोरल्या भावासमोर कायमचे खाली.

सासूबाई काकूंच्या कानात म्हणाल्या, "ती नाही हो बोलायची."

आणि मी बोलले. चांगली मोठ्यांदा. "टोर्नेडो नव्हता, काका. सरळ वारा होता. पण तुमच्या टोर्नेडोच्या वरचढ होता, कितीतरी. आणि तो येतोय हे गावात सगळ्यांच्या आधी मला दिसलं." काकांचा कप बशीत टेकला. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर आधी ढग आले, मग हळूहळू उजाडलं. "वरचढ!" ते शिंप्याकडे बघून म्हणाले, आणि दोघंही बाह्या सावरत घराच्या मागच्या बाजूला निघाले.

तेव्हा मला आणखी बोलावं लागलं.

"बाबा, थांबा. मागच्या अंगणात जे जिथं पडलंय ते तिथंच राहू द्या. मी अजून तिकडं गेलेली नाही."